जुन्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड : खर्चापूर्वीचा विचार

स्मरणिकेत आठवणी असतात, ऋणनिर्देश असतात, संस्थेच्या वाटचालीचा लेखाजोखा असतो. अशा पानांत संगणकाच्या एका सुट्या भागावरचा लेख काही वाचकांना अनपेक्षित वाटेल. तो लिहिण्याचे कारण असे. आपल्या संगणक कक्षातील बहुतेक यंत्रे माजी विद्यार्थ्यांनी व हितचिंतकांनी दिलेली आहेत. कार्यालयांतून ती निवृत्त झाली आणि येथे त्यांनी दुसरी सेवा सुरू केली. या यंत्रांसाठी "ग्राफिक्स कार्ड पाठवू का?" अशी विचारणा माजी विद्यार्थी आता वारंवार करतात. दुसऱ्या बाजूने पालक विचारतात. मुलीने बारावीनंतर ॲनिमेशनचा किंवा वास्तुरचनेचा अभ्यासक्रम घेतलेला असतो, घरात एक जुना डेस्कटॉप असतो आणि दुकानदार सांगतो की कार्ड टाकल्याखेरीज काही होणार नाही. हा पैसा कोणाच्या ऊसतोडीच्या उचलीतून येतो, कोणाच्या शिलाई यंत्रावरच्या रात्रपाळीतून. तो अयोग्य वस्तूवर गेला तर ज्या मुलीसाठी तो खर्च झाला तिचे वर्ष अडते. म्हणून हा विषय आम्ही मुळापासून समजावून सांगण्याचे ठरविले.

ग्राफिक्स कार्ड काय काम करते?

संगणकाच्या लोखंडी डब्याला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे त्या डब्यातील मुख्य प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर. ती मदरबोर्डवर बसविलेली, आगपेटीहून लहान अशी एक चिप असते. हिशेब करणे, आज्ञा पाळणे, निर्णय घेणे ही तिची कामे. पडद्यावरचे चित्र रंगविणे हे मात्र निराळ्या जातीचे काम आहे.

ते किती मोठे आहे हे आकड्यांनी पाहू. आजच्या सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. यातील एकेका ठिपक्याचे गणित अवघड नसते. त्यांची संख्या मात्र प्रचंड असते.

आपल्या वसतिगृहाच्या भटारखान्यातील उदाहरण घ्यावे. भाजीला फोडणी देण्यासाठी एक अनुभवी आचारी लागतो. तेथे दहा माणसे उभी केली तर भाजी बिघडेल. पण तीनशे मुलांच्या भाकरी थापायच्या असतील तर त्या एका आचाऱ्याने किती थापाव्यात? तेथे साधे काम जाणणारे अनेक हात हवेत. मुख्य प्रक्रियक हा अनुभवी आचारी होय आणि ग्राफिक्स प्रक्रियक म्हणजे भाकरी थापणारे अनेक हात. २०१४ सालच्या कोअर आय५ प्रक्रियकात चार गाभे असतात. २०१९ साली आलेल्या जीटीएक्स १६५० या साध्या ग्राफिक्स कार्डात छोटे-छोटे ८९६ गाभे असतात. दोहोंची तुलना करून एकाला श्रेष्ठ ठरविणे व्यर्थ आहे. कामाचा प्रकार वेगळा, म्हणून रचना वेगळी.

या हातांजवळच पिठाची परातही हवी. ती म्हणजे कार्डावरची स्वतःची स्मृती. प्रक्रियकातच सामावलेल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. ते संगणकाच्या मुख्य रॅममधूनच वाटा घेते. जुन्या डीडीआर३-१६०० जातीच्या रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला १२.८ गिगाबाइट एवढीच ने-आण होते. दोन जुळ्या पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या की ती दुप्पट, म्हणजे २५.६ गिगाबाइट होते. जीटीएक्स १६५० च्या मूळ आवृत्तीत हाच आकडा १२८ आहे. वेगळ्या कार्डाचे बळ पुष्कळसे येथे आहे.

कार्ड आले आणि विरघळले

इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट आम्हाला लक्षणीय वाटते. संगणकात जी सोय आरंभी वेगळे कार्ड म्हणून येते, ती कालांतराने मुख्य यंत्रात विरघळून जाते.

आपल्या लिपीचा इतिहासच याला साक्षी आहे. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्या पडद्याला देवनागरीची ओळख नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये आरंभ झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने ही उणीव भरून काढली. जिस्टचे कार्ड संगणकात बसविले की इंग्रजीसाठी घडलेला पडदा भारतीय लिप्या दाखवू लागे. मराठी अक्षर संगणकावर दिसण्यासाठी एके काळी डबा उघडून कार्ड बसवावे लागत होते, हे आज मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्या मुलांना सांगितले तर ती चकित होतात. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्थान होते. विंडोज २००० मध्ये मराठीचा आधार मूळ प्रणालीतच आला. कार्डाची गरज संपली.

चित्रांच्या कार्डांचीही अशीच वाटचाल झाली. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए मानक आणले. त्यात ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंग मिळत. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले. ते केवळ त्रिमित चित्रांचे काम करी. साध्या चित्रासाठी आणखी एक कार्ड शेजारी असावे लागे. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढले आणि 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. पुढे २०११ च्या जानेवारीत आलेल्या इंटेलच्या सँडी ब्रिज घराण्यात ग्राफिक्स प्रक्रियक मुख्य प्रक्रियकाच्याच चिपवर आला. तेव्हापासून सर्वसाधारण कार्यालयीन संगणकाला वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही.

मात्र त्याच काळात ही कार्डे चित्रांपलीकडच्या कामांना जुंपली गेली. गणिताची प्रचंड परंतु एकसारखी कामे त्यांच्यावर होऊ लागली. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० या ग्राफिक्स प्रक्रियकांवर उभा आहे आणि नोव्हेंबर २०२० मधील जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत तो ६३ व्या स्थानी होता. कार्ड विरघळले ते सामान्य कामांपुरते. विशेष कामांसाठी त्याचे महत्त्व वाढले. म्हणून 'कार्ड हवे का?' या प्रश्नाचे उत्तर 'कोणत्या कामासाठी?' या प्रश्नातच दडलेले आहे.

प्रथम काम ठरवावे

मराठी टंकलेखन, तक्ते, शिष्यवृत्तीचे अर्ज, ईमेल, संकेतस्थळे वाचणे, जिओजेब्रावर भूमिती शिकणे या कामांना वेगळे कार्ड लागत नाही. कार्ड बसविल्याने ती अधिक वेगाने होतही नाहीत. यंत्र सुरू होण्यास पाच मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसविली की तेच यंत्र ओळखू येत नाही इतके बदलते. अनेक खिडक्या उघडताच यंत्र अडखळत असेल तर रॅम अपुरी आहे. ४ गिगाबाइटचे ८ करावे, आणि तेही जमल्यास दोन जुळ्या पट्ट्यांत.

ध्वनिचित्रफितींविषयी थोडे सविस्तर सांगावयास हवे. इंटरनेटवरील अनेक चित्रफिती आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी आवळलेल्या असतात. २०१४ च्या यंत्रातील अंगभूत ग्राफिक्सला जुनी एच.२६४ पद्धत उत्तम उलगडता येते; या नव्या पद्धती तिच्यासाठी परक्या आहेत. मग ते काम मुख्य प्रक्रियकावर पडते. १०८० रेषांच्या चित्रफितीपर्यंत चार गाभ्यांचा प्रक्रियक हे ओझे पेलतो. ४के चित्रफितीला तो धापा टाकू लागतो. परंतु वर्गातला प्रोजेक्टर ४के दाखवतच नसेल तर त्यासाठी खर्च का करावा? चित्रफितीची प्रत एक पायरी खाली आणणे हा बिनपैशाचा उपाय आहे.

कार्डाची खरी गरज पुढील कामांना असते: त्रिमित ॲनिमेशन, ध्वनिचित्रफितींचे संपादन, वास्तुरचनेची त्रिमित प्रारूपे, आणि खेळ. ब्लेंडर या मोफत ॲनिमेशन प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्या २०१४ च्या अंगभूत ग्राफिक्सला आधारच देत नाहीत. दा विंची रिझॉल्व्ह ही संपादन प्रणाली तर बरेचसे काम ग्राफिक्स कार्डावरच सोपविते. अशा अभ्यासक्रमाला गेलेल्या विद्यार्थ्याला कार्ड हवे, हे दुकानदाराचे म्हणणे येथे खरे ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी प्रारूपे घरच्या यंत्रावर चालविण्यासाठी मात्र ४ गिगाबाइट स्मृतीचे कार्ड घेऊ नये. ती स्मृती त्या कामाला पुरत नाही.

आणखी एक विवेक हवा. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? प्रक्रियक मंद, रॅम तोकडी आणि डिस्क जुनी असेल तर महागडे कार्ड त्यांची वाट पाहत रिकामे बसते. आधी एसएसडी, मग रॅम, मग कार्ड, हा क्रम सहसा मोडू नये.

खरेदीपूर्वीच्या पाच तपासण्या

आपल्याकडे आलेल्या यंत्रांचे प्रातिनिधिक उदाहरण घेऊ: कोअर आय५-४५९० प्रक्रियक, एचडी ४६०० अंगभूत ग्राफिक्स, डीडीआर३ रॅम, साल २०१४. अशा यंत्राला कार्ड बसविण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, स्लॉट. मदरबोर्डवरची सर्वांत लांब खाच ही बहुधा पीसीआय एक्सप्रेस १६ मार्गिकांची असते. या पिढीच्या यंत्रात ती तिसऱ्या आवृत्तीची असते आणि तिच्या प्रत्येक मार्गिकेतून एका दिशेने सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट माहिती जाते. नवे कार्ड जुन्या आवृत्तीच्या खाचेत चालते. ही जुळणी मुद्दाम राखलेली आहे. मात्र एक खाचखळगा आहे. २०२२ साली आलेले आरएक्स ६४०० हे कार्ड १६ पैकी फक्त ४ मार्गिका वापरते. चौथ्या आवृत्तीच्या खाचेत त्याला सुमारे ८ गिगाबाइट मिळतात, आपल्या यंत्रात ४, आणि त्याहून जुन्या दुसऱ्या आवृत्तीच्या यंत्रात केवळ २. नव्या यंत्रासाठी घडविलेली काटकसर जुन्या यंत्राला अशी नडते.

दुसरी, वीज. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते: सहा पिनांची तार आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. आता बेरीज करू. प्रक्रियक ८४ वॅट, जीटीएक्स १६५० कार्ड ७५ वॅट, मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून सुमारे ५० वॅट, एकूण २०९. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० या यंत्राच्या टॉवर आकारात २९० वॅटचा एसएमपीएस असतो. तेथे हे गणित जमते. त्याच यंत्राच्या छोट्या आकारात तो २५५ वॅटचा असतो. तेथे ते जमते, परंतु मोकळीक थोडी उरते. काही छोट्या यंत्रांच्या तांत्रिक पुस्तिकेत खाचेसाठी ७५ पेक्षाही कमी वॅटची मर्यादा दिलेली असते. ती वाचूनच पुढे जावे.

स्थानिक जुळणीच्या यंत्रांत निराळी काळजी घ्यावी. स्वस्त एसएमपीएसवर '४५० वॅट' असे ठळक छापलेले असते, पण कार्डाला व प्रक्रियकाला लागते ती १२ व्होल्टची वीज. लेबलवर १२ व्होल्टसमोर १७ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १७, म्हणजे २०४ वॅट एवढीच खरी शिदोरी आहे. हे गणित सातवीचा विद्यार्थीही करू शकतो आणि ते त्याच्याकडूनच करवून घ्यावे. कंपनीच्या यंत्रांतील एसएमपीएस बदलणे मात्र सोपे नसते. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिनांची जोडणी नसून ८ पिनांची आहे. बाजारातला साधा एसएमपीएस तेथे थेट लागत नाही.

तिसरी, जागा. कार्डाची लांबी, जाडी व उंची तिन्ही मोजावी. अनेक कार्डे दोन खाचांची जागा व्यापतात. छोट्या डब्यात अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते आणि त्याला अर्ध्या उंचीची लोखंडी पट्टीही सोबत लागते. पट्टी नाही म्हणून कार्ड डब्यात अधांतरी लोंबत ठेवू नये.

चौथी, पडद्याची जोडणी. शाळांत व घरांत अजून निळ्या टोकाच्या व्हीजीए तारेचे पडदे व प्रोजेक्टर आहेत. एनव्हिडियाच्या २०१६ पासूनच्या जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डांतून हा जुना संकेत बाहेर पडत नाही. कार्डावर डीव्हीआय-डी तोंड दिसले तरी साध्या जोडतुकड्याने व्हीजीए मिळणार नाही. एचडीएमआयचे व्हीजीएत रूपांतर करणारे सक्रिय उपकरण घ्यावे लागते. त्याचा खर्च आधीच धरावा.

पाचवी, बायोस. जुन्या बायोसचे काही मदरबोर्ड नव्या कार्डाला ओळखत नाहीत आणि पडदा काळाच राहतो. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या यंत्राचा नवा बायोस आहे का ते पाहून, असल्यास तो आधी बसवावा. हे काम यूपीएसवरच करावे; मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो.

कोणते कार्ड निवडावे?

बाजारात नावे फसवी असतात, म्हणून नावामागचे अक्षर न् अक्षर वाचावे. जीटी १०३० हे ३० वॅटचे छोटे कार्ड २०१७ साली आले, तेव्हा त्यावर जीडीडीआर५ स्मृती होती आणि तिचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट होता. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीचे कार्ड आले. त्याचा वेग सुमारे १७. नाव एकच, पण स्मृतीचा वेग तिसरा हिस्सा! शिवाय जीटी १०३० चित्रफिती उलगडते, त्या बनविण्यासाठीची सोय मात्र त्यात नाही. आरएक्स ६४०० मध्येही ती नाही. ज्याला संपादन शिकायचे आहे त्याने ही दोन्ही टाळावीत.

दुकानात स्वस्त म्हणून पुढे केले जाणारे जीटी ७१० हे केपलर या २०१२ सालच्या घडणीचे आहे. त्या घडणीला नव्या ड्रायव्हरचा पुरवठा २०२१ मध्येच थांबला. दुसरा पडदा जोडण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ सालचे ७५ वॅटचे, ४ गिगाबाइटचे कार्ड पुष्कळ वर्षे जुन्या यंत्रांचे आधारस्तंभ होते. ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या पिढीलाही केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतात. तेच ७५ वॅट, तेच ४ गिगाबाइट, पण पुढच्या पिढीचे जीटीएक्स १६५० हे आपल्या उदाहरणातील यंत्राला अधिक योग्य ठरते. चित्रफिती बनविण्याची सोय त्यात आहे. मात्र त्याच्या काही प्रकारांना सहा पिनांची तार लागते. तार न लागणारा प्रकार मागून घ्यावा. इंटेलची आर्क कार्डे नवी व गुणी असली तरी 'रिसायझेबल बार' ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ती मंदावतात. २०१४ च्या यंत्रासाठी ती नव्हेत.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत वापरलेली कार्डे मिळतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही. परंतु दोन गोष्टी जपाव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवरची खाणकामाची पद्धत बंद झाली, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. पंखा हाताने फिरवून पाहावा, अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखविण्यास सांगावे. दुसरे, जुन्या कार्डातील माहिती बदलून ते नव्या नावाने खपविण्याचे प्रकार घडतात. जीपीयू-झेड ही मोफत प्रणाली अशी अनेक बनावट कार्डे ओळखते. ती चालवून, पावती घेऊनच पैसे द्यावेत.

बसविण्याची रीत

यंत्र बंद करून वीजतार काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. डब्याच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. आतली धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. मागची लोखंडी पट्टी काढून कार्ड दोन्ही बाजूंनी समान दाब देत खाचेत बसवावे. टोकाची कडी 'टक्' आवाजाने लागते. मग स्क्रू घट्ट करावा. पडद्याची तार आता कार्डाला जोडावयाची, मदरबोर्डच्या जुन्या तोंडाला नव्हे. 'कार्ड घातले पण फरक नाही' अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या एका तारेत असते.

त्यानंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. येथे कार्यप्रणालीचा प्रश्न येतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या, म्हणजे २०१७ नंतरच्या प्रक्रियकांनाच चालते. २०१४ चे यंत्र त्यात बसत नाही. उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली हा अशा यंत्रांसाठी सन्मानाचा मार्ग आहे; ब्लेंडर तेथेही चालते. कार्डावर खर्च करण्यापूर्वी यंत्र पुढे कोणत्या प्रणालीवर राहणार हे ठरलेले असावे.

आपल्या भागातील उन्हाळा व वीज यांचाही विचार हवा. पूर्ण भारावर ८० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान ही कार्डे सोसतात. पण खोलीच ४५ अंशांवर असेल तर पंखा कितीही फिरला तरी उष्ण हवाच फिरवितो. मे महिन्यात जड कामे पहाटे करावीत. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा भार पेलतो. एका यंत्राला तो पुरतो, पण दोन यंत्रे एकावर टांगली असतील तर कार्ड आल्यावर ती वेगळी करावी लागतील.

सर्वांना सारखे की गरजेनुसार?

आता आमच्या कक्षाविषयी. 'द्यायचे तर सर्व यंत्रांना कार्ड द्यावे, म्हणजे कोणा मुलावर अन्याय होणार नाही' अशी सूचना काही माजी विद्यार्थ्यांनी आपुलकीने केली. तिच्यामागची भावना आम्ही जाणतो. ज्यांच्या वाट्याला वर्गातला शेवटचा बाक आणि शेवटचे पुस्तक आले, त्यांना वाटपातील विषमता सर्वांत आधी टोचते. तरीही आमचे मत निराळे आहे. सर्व यंत्रांत साधी, कमकुवत कार्डे घातली तर टंकलेखन शिकणाऱ्यास काही मिळणार नाही आणि ॲनिमेशन शिकणाऱ्यास पुरेसे मिळणार नाही. पैसा समान वाटला जाईल, संधी मात्र कोणालाच लाभणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी आहे की सर्व यंत्रांना एसएसडी व पुरेशी रॅम मिळावी, कारण ती सर्वांची गरज आहे. ज्या दोन यंत्रांचा एसएमपीएस व डबा तपासणीत उतरला, त्यांनाच योग्य कार्ड मिळावे. या दोन यंत्रांचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असावे, त्यात मुलींच्या वसतिगृहाला निम्मे तास असावेत, आणि ती गुणपत्रिका पाहून न देता काम पाहून द्यावीत. समता यंत्रांच्या आतील भागांत मोजू नये. मुलांना प्रत्यक्ष मिळणाऱ्या तासांत मोजावी.

देणाऱ्यांनी आणखी एवढे करावे. वस्तू पाठविण्यापूर्वी यंत्राचा नमुना क्रमांक, एसएमपीएसच्या लेबलाचे छायाचित्र आणि डब्याची मापे आमच्याकडून मागवावीत. पावती सोबत द्यावी, म्हणजे हमीचा उपयोग होईल. संगणकच देत असाल तर त्याच्या डिस्कवरील कार्यालयीन माहिती पूर्ण पुसून द्यावी. आणि जे यंत्र दुरुस्तीपलीकडे गेले आहे ते शाळेकडे पाठवू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जावयास हवे. शाळा म्हणजे अडगळीची खोली नव्हे.

पालकांना आमचे सांगणे थोडके आहे. दुकानात जाताना मुलीला सोबत न्यावे. तिला लेबल वाचू द्यावे, बेरीज करू द्यावी, प्रश्न विचारू द्यावेत. बारा व्होल्टचे गणित जिला येते तिला कोणी गरज नसलेली वस्तू सहजासहजी विकू शकत नाही. डबा उघडण्याची भीती एकदा गेली की पुढचे कार्ड ती स्वतः निवडेल, स्वतः बसवील, आणि शेजारच्या घरातील यंत्रही दुरुस्त करून देईल.